प्युरिफायरची तीन वर्षांची एएमसी (देखभालीचा करार) घेतली, कंपनी दीड वर्षातच हात वर करतेय. काय करू?

हिरवी_चटणी | १४ फेब्रुवारी, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. वाघोलीत राहते. सोसायटीत अर्धं पाणी टँकरचं, अर्धं बोअरचं, त्यामुळे आरओ प्युरिफायर घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ('पुण्यात आरओ कशाला, खडकवासल्याचं पाणी अमृत' हे कृपया इथे कुणी लिहू नका. अमृत आमच्यापर्यंत पोचत नाही.)

२०२४च्या गुढीपाडव्याला कंपनीचा माणूस घरी येऊन तीन वर्षांची 'सर्वसमावेशक' एएमसी गळ्यात मारून गेला. जीएसटी धरून ११,८०० रुपये. वर्षाला तीन भेटी, सगळे फिल्टर, गरज पडल्यास मेंब्रेन (आतली क्षार अडवणारी पडदी). पिवळं सर्व्हिस कार्ड सिंकखालच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. त्यावर पहिल्या वर्षी दोन सह्या आहेत, दुसऱ्या वर्षी जुलैतली एक. त्याखाली नुसत्या रिकाम्या चौकटी.

नोव्हेंबरपासून पाणी मचूळ लागायला लागलं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा पेनासारखा टीडीएस मीटर मिळतो त्याने मोजलं. नळाचं ६४०, फिल्टरचं ४१०. आधी सत्तर-ऐंशी यायचं. पाच वेळा तक्रार नोंदवली. दर वेळी फोन यायचा, "मॅडम, ओटीपी सांगा, म्हणजे कॉल माझ्या नावावर लागेल, उद्या सकाळी नक्की येतो." दोनदा सांगितला. आलं कुणीच नाही, संध्याकाळी मेसेज मात्र आला की आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे, सेवेला पाचपैकी किती गुण द्याल?

जानेवारीत शेवटी एकजण आला. मेंब्रेन गेलंय, ३,२०० रुपये पडतील, प्लॅनमध्ये बसत नाही म्हणाला. कार्ड दाखवलं तर "ते जुन्या पॉलिसीचं" म्हणे. अहो, पैसे तर जुन्या पॉलिसीचेच घेतलेत ना? तीन महिने जार विकत घेतोय. भांडायचं कुठे आणि कसं?

बिनसाखरेचा | १४ फेब्रुवारी, रात्री ११:२०

ताई, ३,२०० देऊन मोकळ्या व्हा. ग्राहक कोर्टात माझ्या मेव्हण्याने फर्निचरवाल्यावर केस केली होती. निकाल त्याच्या बाजूने लागला, तोवर सोफ्याचा कापूस बाहेर आला होता.

नानी_बारामती | १५ फेब्रुवारी, सकाळी ६:४०

ओटीपी का दिलात हो? आमच्याकडे गॅसवाल्यालाही सिलिंडर आत आल्यावरच देतो.

काळा_कोट | १५ फेब्रुवारी, सकाळी ९:१५

वकील आहे, पण ही फुकटची फी समजा.

पहिली गोष्ट, 'जुनी पॉलिसी' वगैरे काही नसतं. पैसे घेताना जे ठरलं तो करार. मध्येच एका बाजूने अटी बदलता येत नाहीत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ (लागू २० जुलै २०२० पासून) कलम २(११) मध्ये सेवेतल्या त्रुटीची व्याख्या आहे. कराराप्रमाणे काम न करणं तर त्यात आहेच, शिवाय ग्राहकाला सांगायला हवी ती माहिती जाणूनबुजून दडवणं हीसुद्धा त्रुटी धरली आहे. मेंब्रेन वगळायचं होतं तर विकताना सांगायला हवं होतं.

दुसरी, तुम्ही वाघोलीत राहता म्हणून तक्रार पुणे जिल्हा ग्राहक आयोगातच (तेच ग्राहक कोर्ट) करायची. बिलाच्या मागे 'वाद दिल्ली न्यायकक्षेत' असं छापलेलं असेल, त्या ओळीला घाबरू नका. २०१९च्या कायद्याने तक्रारदार राहतो किंवा काम करतो तिथे तक्रार करायची सोय दिली आहे. लवादाचं कलम असेल तरी आयोगाचं दार बंद होत नाही, सर्वोच्च न्यायालयाने एमार एमजीएफ या बिल्डर कंपनीच्या प्रकरणात २०१८ला ते स्पष्ट केलंय.

आणि बिनसाखरेचा यांच्यासाठी: सेवेची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी शून्य आहे. वकील लावण्याची सक्ती नाही. तक्रार करायची मुदत, तिचं कारण घडल्यापासून दोन वर्षं.

बिनसाखरेचा | १५ फेब्रुवारी, सकाळी ९:३१

फी शून्य असेल हो, पण वाघोलीहून गावात जायचं पेट्रोल? वाघोलीचा ट्रॅफिक कायद्यात येतो का?

काळा_कोट | १५ फेब्रुवारी, सकाळी ९:४४

ट्रॅफिक येत नाही, पण घरबसल्या दाखल करणं येतं. आधी ई-दाखिल होतं, १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती पोर्टल आहे. व्हिडिओवरून सुनावणी मागण्याचीही कायद्यात तरतूद आहे. मात्र कायद्यात तीन महिन्यांत निकाल असं लिहिलंय म्हणून तीन महिन्यांत मिळेल असं मी सांगणार नाही. तुमच्या मेव्हण्यांचा अनुभव खोटा नाही.

पाना_पक्कड | १५ फेब्रुवारी, दुपारी १:०५

मी सहा वर्षं एका प्युरिफायर कंपनीच्या फ्रँचायझीत टेक्निशियन होतो, आता स्वतःचं दुकान आहे. आतली गोष्ट सांगतो.

कॉल ठरलेल्या तासांत बंद झाला नाही तर फ्रँचायझीचे मार्क कापले जायचे, पैसेही कापायचे. म्हणून सकाळी मालक यादी हातात द्यायचा आणि सांगायचा, संध्याकाळपर्यंत सगळे ओटीपी आणा. पोरगा एक, कॉल अठरा. वाघोलीहून हडपसर, तिथून उंड्री. मग तो फोनवरून ओटीपी मागतो. कंपनीच्या पडद्यावर कॉल बंद, ग्राहक खूश. पुन्हा तक्रार केलीत की नवा नंबर पडतो, म्हणजे जुनी तक्रार सुटली होती असंच रेकॉर्ड बनतं.

मेंब्रेनचं वेगळं. एएमसीत मेंब्रेन टाकलं की जुनं काढलेलं कंपनीला परत पाठवून त्याचा क्लेम करावा लागायचा, आणि तो कधी मंजूर होईल याचा भरवसा नाही. त्यापेक्षा ग्राहकाकडून रोख घेतलेली बरी. आमच्या मालकाचं तरी हेच गणित होतं.

एवढंच म्हणणं आहे की घरी आलेल्या पोरावर ओरडू नका. त्याच्या हातात काही नसतं. कागद वर जाऊ द्या.

हिरवी_चटणी | १५ फेब्रुवारी, दुपारी १:४०

बाप रे. म्हणजे माझ्या पाच तक्रारी कंपनीच्या लेखी पाच वेळा सुटल्यात?

पाना_पक्कड | १५ फेब्रुवारी, दुपारी १:४८

ओटीपी दिलेल्या दोन नक्की. बाकीच्या 'ग्राहक उपलब्ध नाही' म्हणून बंद केल्या असतील.

रखवालदार_नंबर_दोन | १५ फेब्रुवारी, दुपारी २:३०

ताई, सोसायटीच्या गेटवर ॲप असेल ना? किंवा वॉचमनची वही? ज्या दिवशी 'निवारण झाले' मेसेज आला त्या दिवसाची तुमच्या फ्लॅटची नोंद काढा. कुणी आलंच नव्हतं हे आपोआप सिद्ध होतं. आमच्या सोसायटीत लिफ्टच्या करारात नेमकं हेच केलं होतं. कंपनी म्हणे दर महिन्याला माणूस येतो. वही उघडली, पाच महिन्यांत एकदा आला होता, तोही चहा पिऊन अकरा मिनिटांत गेला होता.

काळा_कोट | १५ फेब्रुवारी, दुपारी २:५०

याला म्हणतात पुरावा. गेट ॲपचा आणि मेसेजचा स्क्रीनशॉट ठेवा. आयोगात गेलात तर सोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र जोडायचं, पूर्वी ज्याला ६५-ब म्हणायचे ते.

सुताराची_सून | १५ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:१०

एक शंका. करार खरंच कंपनीशीच झालाय ना? माझ्या सासूबाईंना 'कंपनीतून बोलतोय' म्हणून फोन आला, ४,००० ची एएमसी विकली, मागाहून कळलं की कुठल्यातरी गाळ्यातला माणूस होता. नाव असं की ऐकताना कंपनीच वाटावी. मूळ कंपनी म्हणाली, आमचा संबंध नाही.

बिलावरचा जीएसटी नंबर बघा. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं पॅनची. जीएसटीच्या साइटवर तो नंबर टाकला की कायदेशीर नाव निघतं.

हिरवी_चटणी | १५ फेब्रुवारी, रात्री ९:२५

आत्ता बघितलं. धक्का. बिलावर वर मोठ्ठा कंपनीचा लोगो, पण नंबर टाकल्यावर भलतंच नाव निघालं, 'अमुक एंटरप्रायझेस'. खाली बारीक अक्षरात 'अधिकृत सेवा भागीदार'. पावणेदोन वर्षं हे बिल माझ्या फाइलमध्ये आहे आणि मी लोगोच्या खाली कधी वाचलंच नाही.

काळा_कोट | १५ फेब्रुवारी, रात्री ९:५०

घाबरू नका. बिलावर कंपनीने आपला लोगो वापरू दिलाय, 'अधिकृत' लिहू दिलंय, तक्रारही कंपनीच्याच नंबरवर नोंदवली जाते. दोघांनाही सामनेवाले (ज्यांच्याविरुद्ध तक्रार ते) करा, एक नंबर कंपनी, दोन नंबर एंटरप्रायझेस. आपसात काय ते ठरवू देत. एकालाच धरलंत तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवेल, आणि तुमचं एक वर्ष त्यात जाईल.

तुळशीबाग_ते_मेलबर्न | १६ फेब्रुवारी, पहाटे ४:१२

धाग्याला जोडूनच विचारते. आई-बाबा मिरजेला असतात. त्यांच्या एसीची एएमसी मी इथून माझ्या कार्डाने भरली. उन्हाळ्यात दोन महिने कुणी फिरकलं नाही. तक्रार करायची तर ग्राहक कोण, मी की ते? इथे ऑस्ट्रेलियात सेवा वाजवी काळजी घेऊन आणि वाजवी वेळेत द्यायची ही हमी कायद्यातच बसवलेली आहे, त्यामुळे मला वाटायचं सगळीकडे तसंच असेल.

काळा_कोट | १६ फेब्रुवारी, सकाळी ८:०५

दोघंही. पैसे देणारा ग्राहक, आणि त्याच्या संमतीने सेवेचा लाभ घेणाराही ग्राहक, कलम २(७) मध्ये लाभार्थी स्पष्ट लिहिलाय. बाबांच्या नावाने सांगली जिल्हा आयोगात तक्रार करता येईल. तुमच्या कार्डाचं स्टेटमेंट जोडा, म्हणजे पैसे कुणी आणि कशासाठी भरले याचा प्रश्न उरत नाही.

शेवंतीची_वेणी | १६ फेब्रुवारी, सकाळी ११:३०

मी म्हापशाची. घरातच दोन खोल्यांचा होमस्टे चालवते, त्यांच्या एसीचा करार आहे. कंपनीचा माणूस म्हणतो, तुमचा धंदा आहे, ग्राहक कायदा तुम्हाला लागू नाही. खरं की थाप?

काळा_कोट | १६ फेब्रुवारी, दुपारी १२:१०

अर्धं खरं. व्यापारी हेतूने घेतलेली सेवा बाहेर. पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी धरत नाहीत, सेवेसाठीही तोच मुद्दा मांडता येईल. स्वतः राबता, दोन खोल्या, हेच उपजीविकेचं साधन, हे तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात लिहा. पन्नास खोल्यांचं हॉटेल असतं तर मी वेगळं सांगितलं असतं.

ग्राहकपंचायत_आजोबा | १६ फेब्रुवारी, संध्याकाळी ५:००

सर्वांना नमस्कार. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, मी पुढे त्या कामात ओढला गेलो. तेव्हा ग्राहकासाठी वेगळा कायदाच नव्हता. दुकानदाराकडे दहाजण मिळून जायचो आणि शांतपणे उभे राहायचो, एवढंच हत्यार. कायदा आला १९८६ साली, २४ डिसेंबरला, म्हणून तो ग्राहक दिन.

इतक्या वर्षांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली. माणसं फोनवर तासन्‌तास भांडतात, घसा बसवतात, आणि कागदावर एक ओळ लिहीत नाहीत. समोरच्याला फोनचं काहीच वाटत नाही, त्याच्याकडे फोन घ्यायलाच माणसं ठेवलेली असतात. चटणीताईंनी आधी नोटीस पाठवावी. कायद्यात तिची सक्ती नाही, पण बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. नोटिशीत 'आपल्या गलथान कारभारामुळे अपरिमित मनस्ताप' असली वाक्यं नकोत. तारीख, काय ठरलं, काय झालं नाही, काय हवंय, किती दिवसांत. एक पान.

भरपाईही हिशोबाने मागा. पाच लाखांचा मानसिक त्रास मागणारे तक्रारदार पाहिलेत मी, हातात दहा हजार पडतात आणि मग तेही कमी वाटतात.

हिरवी_चटणी | १६ फेब्रुवारी, रात्री १०:१५

आजोबा, वाचताना आपोआप ताठ बसले! आज मुलाला बरोबर घेऊन हिशोब केला. ३६ महिन्यांचे ११,८००, म्हणजे महिन्याला साधारण ३२८. राहिले १४ महिने, त्यांचे ४,५८९. जारवाल्याच्या वहीत चौदा आठवडे, आठवड्याला तीन जार, चाळीसचा एक, १,६८० रुपये. एकूण ६,२६९.

गेट ॲपमध्ये सापडलं! 'निवारण झाले' मेसेजच्या दोन्ही दिवशी आमच्याकडे फक्त दूधवाला आणि कुरिअर.

फोडणीचा_भात | १६ फेब्रुवारी, रात्री १०:४०

आधी १९१५ ला फोन करा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. माझा ब्रॉडबँडचा परतावा त्यांनी नऊ दिवसांत मिळवून दिला.

काळा_कोट | १६ फेब्रुवारी, रात्री ११:०२

करा जरूर. फक्त हे लक्षात असू द्या की हेल्पलाइन तक्रार कंपनीकडे पोचवते आणि पाठपुरावा करते. ते न्यायालय नाही, आदेश देऊ शकत नाही. तिकडे वाट बघण्यात दोन वर्षांची मुदत घालवू नका.

नोटीस स्पीड पोस्टानेच पाठवा, पोचल्याचा पुरावा मागून. रजिस्टर एडी आता वेगळं उरलं नाही, २०२५मध्ये ते स्पीड पोस्टात विलीन केलं. एक प्रत ईमेलने.

मीच_तो_शहाणा | १७ फेब्रुवारी, सकाळी १०:००

सगळे ताईंच्या बाजूने बोलताहेत म्हणून दुसरी बाजू. कार्डाच्या मागच्या अटी वाचल्यात का? सही केलेली असेल तर ती अट बांधते. भारती निटिंग विरुद्ध डीएचएल, १९९६, सर्वोच्च न्यायालय. कुरिअरच्या पावतीवर भरपाईची मर्यादा छापलेली होती, सही होती, तेवढीच भरपाई मिळाली.

काळा_कोट | १७ फेब्रुवारी, सकाळी १०:३५

योग्य मुद्दा. ताई, कार्डाच्या मागे काय आहे ते शब्दशः टाका.

अट अगदीच एकतर्फी असेल तर 'अनुचित करार' म्हणून रद्द मागता येते, पण तो अधिकार जिल्हा आयोगाला नाही, त्यासाठी राज्य आयोगात जावं लागेल. सहा हजारांसाठी ते करू नका. मांडणी 'सेवेतली त्रुटी' हीच ठेवा.

हिरवी_चटणी | १७ फेब्रुवारी, दुपारी ३:२०

मोबाइलच्या टॉर्चने वाचलं, नवऱ्याचा वाचायचा चष्मा लावून. अट क्र. ७: 'मेंब्रेन कराराच्या काळात एकदा विनामूल्य बदलून मिळेल. बाह्य आवरण, नळ व टाकीस झालेली मोडतोड समाविष्ट नाही.'

म्हणजे जे 'प्लॅनमध्ये बसत नाही' म्हणून मला सांगितलं ते त्यांनीच लिहून दिलंय.

मीच_तो_शहाणा | १७ फेब्रुवारी, दुपारी ३:२८

मग माझा मुद्दा तुमच्याच उपयोगी पडला. तीच अट त्यांनाही बांधते. नोटिशीत सातवी अट अवतरणात घाला.

हिरवी_चटणी | ६ मार्च, रात्री ९:००

अपडेट. नोटीस १९ फेब्रुवारीला गेली, दोघांनाही. १५ दिवसांची मुदत दिली होती. नवव्या दिवशी 'एस्कलेशन डेस्क'मधून एका बाईंचा फोन आला, इतकं गोड बोलल्या की मला क्षणभर आपण कुणाला लुबाडतोय असं वाटलं. म्हणाल्या, मेंब्रेन फुकट टाकतो, करार सहा महिने वाढवतो. मी म्हटलं, ईमेल करा. ईमेल आली, सोबत सहीसाठी एक पत्र: 'माझे पूर्ण समाधान झाले असून यापुढे या करारासंबंधी माझी कोणतीही मागणी वा तक्रार राहणार नाही.'

करू का सही? या *करारासंबंधी* कोणतीही? अजून १३ महिने राहिलेत!

काळा_कोट | ६ मार्च, रात्री ९:२०

आहे तशी अजिबात नको. 'पूर्ण समाधान' एकदा लिहून दिलं की नंतर ते दबावाखाली लिहिलं हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. त्यांना लिहा: काम झाल्यावर, केवळ नोव्हेंबर ते मार्चच्या तक्रारीपुरतं समाधान झाल्याचं लिहून देईन. आणि जारचे १,६८० विसरू नका.

ग्राहकपंचायत_आजोबा | ७ मार्च, सकाळी ७:००

सहमत. आणि 'काम झाल्यावर' हे दोन शब्द खोडू देऊ नका.

बिनसाखरेचा | ७ मार्च, सकाळी ७:४५

नऊ दिवसांत फोन? मी मेव्हण्याला हा धागा पाठवतोय. त्याच्याकडे आदेश आहे, पैसे अजून यायचेत.

काळा_कोट | ७ मार्च, सकाळी ८:१०

त्यांना सांगा अंमलबजावणीचा अर्ज करा. कलम ७२: आदेश न पाळल्यास किमान एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा २५ हजार ते एक लाख दंड, किंवा दोन्ही. नोटीस निघाली की धनादेश निघतो, असा माझा तरी अनुभव आहे.

हिरवी_चटणी | १४ मार्च, दुपारी १२:३५

पत्र बदलून आलं. जारच्या पैशांना नाही म्हणाले, बदल्यात सहाऐवजी आठ महिने. घेतले. वकीलसाहेब, तुम्हाला पटणार नाही, पण घरात दहावीची परीक्षा चालू आहे, मला पाणी हवंय.

आज टेक्निशियन आला. जानेवारीतलाच मुलगा. दारातून आत येऊन चप्पल काढत म्हणाला, "मॅडम, ओटीपी?" मी म्हटलं, आधी आत ये. मेंब्रेन बसवलं, पहिली टाकी ओतून दिली, दुसऱ्या टाकीचं मोजलं. ७२. कार्डावर त्याची सही घेतली, तारखेसकट, आणि मग ओटीपी सांगितला. जुनं मेंब्रेन पिशवीत घालून घेऊन गेला, क्लेमसाठी लागतं म्हणाला. पाना_पक्कड, तुमची आठवण आली. चहा दिला त्याला.

काळा_कोट | १४ मार्च, दुपारी १:०५

पटलं. घर तुमचं, हिशोबही तुमचाच.

नानी_बारामती | १४ मार्च, दुपारी २:१०

तो मीटर कुठे मिळतो, आणि कितीला?